शनिवारची कॅसेट

शालनने बटण दाबलं आणि आईच्या आवाजाऐवजी मशीनचे ढोल सुरू झाले.

तिने कॅसेट काढून उलटसुलट करून पाहिली. तीच होती. तिची आई, दगडाबाई, ठाण्याच्या कोळीवाड्यात लग्नाचे धवले गायची. एका हळदीला भाच्याने ते भरून घेतले होते. आई गेली आणि तिचा एवढाच आवाज मागे राहिला. आता त्या जागी कुणी परदेशी माणूस इंग्रजीत गात होता.

तिचा नवरा जगन डोंबिवलीच्या कारखान्यातून घरी आला, तेव्हा ती दारातच उभी होती.

"माझ्या आईवर गाणी भरलीस?"

"अगं, पोपटच्या टेपा परत द्यायच्या होत्या. त्या उतरवून घ्यायला एक कॅसेट कमी पडत होती." त्याने चपला काढल्या. "ती तशी पण घासत आलेली. शनिवारपर्यंत थांब ना जरा."

"शनिवारी काय होणारेय?"

तो नुसता हसला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

जगनला त्या गाण्यांचं वेड होतं. त्याचा मित्र पोपट बोटीवर नोकरीला होता, तो तिकडून टेपा आणायचा. मग दोघं डोळे मिटून बसायचे. "बघ, ताल मशीनचा आहे, पण गाणारा किती एकटा आहे," जगन तिला सांगायचा. शालन नाक मुरडायची. खरं तर तिलाही ती गाणी आवडू लागली होती. तो माणूस रडत नसे, रडून झाल्यावर माणसं बोलतात तसा गात असे. म्हणून तर तिला जास्तच राग आला. आपल्याला आवडणाऱ्या गोष्टीनेच आपली आई पुसावी!

तिने बदला घ्यायचं ठरवलं.

कपाटावर एक परदेशी कॅसेट होती, पोपटने दिलेली, भारीतली. ती भरण्यासाठी जगन कितीतरी संध्याकाळी कानाला हेडफोन लावून, उसना कीबोर्ड मांडीवर घेऊन बसला होता. काही विचारलं की हात वर करून गप्प करायचा. भरून झाल्यावर त्याने तिच्या मागच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडले. ते मोडले की चुकून दुसरं काही भरलं जात नाही.

जगन कामावर गेल्यावर शालनने त्या भोकांवर चिकटपट्टी लावली. कॅसेट ऐकायची मात्र तिने टाळली. ऐकलं असतं तर आवडलं असतं, आणि हात थांबला असता. तिने रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि टेपजवळच खुशाल बोंबील साफ करत बसली. दोन्ही बाजूंवर तिच्या घरातली खरखर, खडखड भरून झाली. चिकटपट्टी सोलून तिने कॅसेट जागेवर ठेवली. कित्येक दिवसांनी ती पोटभर जेवली.

शनिवारी पोपट आला. त्याच्या मागोमाग कोळीवाड्यातून कलावती मावशीही आली. दगडाबाईच्या जोडीने तीच धवले गायची. जगनने तिला निरोप पाठवून बोलावून घेतलं होतं.

"काय गो शालन, तुझा नवरा काय ऐकवणार हाय आज?" मावशीने बसता बसता विचारलं.

"त्याचं आवडतं," शालन म्हणाली. मावशीही आली ते बरंच झालं. तिच्यादेखत याची फजिती व्हावी.

जगनने ती परदेशी कॅसेट लावली. लावण्याआधी त्याने ती दोनदा शर्टाला पुसून घेतली. शालनला फार बरं वाटलं.

"आवाज मोठा कर," ती म्हणाली. "मावशीला कमी ऐकू येतं."

जगनने आवाज मोठा केला आणि बटणावर बोट ठेवून मावशीकडे वळला.

"मावशी, जुनी टेप तुटायलाच आलेली, म्हणून आईंचे सगळे धवले मी हिच्यावर उतरवून घेतले. मागे वाजतोय तो कीबोर्ड माझा. शालनला अजून माहीत नाहीये."