डबीतली चिप

"रक्तदाबाची गोळी कधीपासून बंद आहे?" डॉक्टरांनी विचारलं, तशी ताई उखडलीच. "बंद? बाबांनी एक दिवस चुकवलेला नाही!" महिन्याभराच्या गोळ्यांच्या डबीत वायफायची बोटभर चिप तिनेच बसवली होती आणि तिला चालवणारी स्क्रिप्टही, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, स्वतः लिहिली होती. झाकण उघडलं, की मोबाइलवर मेसेज: "बाबांनी गोळी घेतली." गेले एकवीस दिवस सकाळी आठच्या ठोक्याला तो येत होता. "आता रोज फोन करून 'गोळी घेतली का' म्हणत त्यांचं डोकं खाऊ नकोस," असं तिने धाकट्या भावाला बजावलंही होतं.

भावाने पिशवीतून डबी काढली आणि उघडून तिच्यापुढे धरली. सगळ्या गोळ्या जिथल्या तिथे होत्या. आत वॉर्डात बाबा अर्धं अंग लुळं होऊन पडले होते.

"चिप बिघडली असणार," ताई पुटपुटली. बाहेरच्या बाकावरच लॅपटॉप उघडून तिने डबी केबलने जोडली. चिप ठणठणीत होती. स्क्रिप्टमध्ये झाकणाची ओळ होती, आणि तिच्याखाली आणखी एक: आठ वाजले की मेसेज पाठव, झाकण उघडो वा न उघडो. त्या ओळीशेजारी तिने स्वतःसाठीच लिहून ठेवलं होतं:

"फक्त टेस्टिंगपुरतं. बाबांना डबी देण्याआधी आठवणीने काढणे."