लय मंदी हाय, मामा

जतकडचा ज्ञानू वीस वर्षं एकाच व्यापाऱ्याला मेंढरं विकत आला होता. आटपाडीच्या बाजारात जयराज टॉवेलखाली त्याचा हात धरायचा, बोटं दाबून भाव सांगायचा आणि तोंडानं एवढंच म्हणायचा, "लय मंदी हाय, मामा. घेणारं कोण न्हाई." असं म्हणत म्हणत त्यानं माडी बांधली, गळ्यात साखळी घातली, टेंपो घेतला. ज्ञानूला त्या शब्दाचा राग यायचा कधीच बंद झाला होता. उलट मंदीचं नाव निघालं की तो निवांत व्हायचा. आता सौदा होणार, हे त्याला ठाऊक असायचं.

आज उन्हं कलली तरी त्याच्या दोन मेंढरांना कुणी हात लावला नव्हता. घरचा चारा संपलेला, आणि मेंढरं माघारी न्यायला अंगात बळ उरलं नव्हतं. तेवढ्यात धुऊनपुसून लख्ख केलेल्या टेंपोला टेकून उभा असलेला जयराज दिसला. ज्ञानू लगबगीनं गेला, आपणच त्याच्या हातावर टॉवेल टाकला आणि त्या शब्दाची वाट बघत राहिला.

"लय तेजी हाय, मामा," जयराज म्हणाला. "मागंल ती किंमत देत्यात लोकं."

ज्ञानूचं तोंड उजळलं. "मग दाब की बोटं!"

जयराजनं टॉवेलची घडी घालून ती ज्ञानूच्या खांद्यावर ठेवली.



"मेंढरं घ्यायला न्हाई आलो, मामा. ह्यो टेंपो इकायला आलोय."