चिंचेवरचं पाणी

पंपाचा स्टड, म्हणजे पंप इंजिनाला धरून ठेवणारा आट्यांचा दांडा, तुटला तेव्हा होडी धरणाच्या ऐन मध्यावर होती. इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप एका अंगाला लोंबायला लागला, तसं होडीवाल्या कानिफनाथनं इंजिनच बंद केलं. एकदम इतकं शांत झालं, की सकाळच्या धुक्यात आपण पाण्यावर आहोत का आभाळात, काही कळेना.

उतारू अवघे दोन. काकासाहेब दोन बोकड घेऊन घोडेगावच्या बाजाराला निघाले होते आणि त्यांना या शांततेचं मुळीच कौतुक नव्हतं. बाजार उठेल, गिऱ्हाईक जाईल, विहिरीवरचं जुनं इंजिन होडीत बसवल्यावर दुसरं काय होणार, असं सगळं त्यांनी कानिफनाथला सुनावून घेतलं. दुसरी मनकर्णाआजी. पैलतीरावर तिचा मुलगा जीप घेऊन थांबला होता, तिला कायमची मिरजगावला न्यायला. होडीत एकच वल्हं. त्याच्या जिवावर तीर गाठायला दुपार झाली असती.

कानिफनाथनं पंप उतरवला. बोटाच्या पेराएवढा स्टड बाहेर उरला होता, बाकीचा आत गंजून बसलेला. त्यानं त्यावर दोन नट चढवले, एकमेकांवर आवळले आणि आतल्या नटाला पाना लावून उलटा जोर दिला. स्टडनं हूं की चूं केलं नाही. मग त्यानं बुडाशी डिझेल सोडलं.

"मुरू द्यायचं. घाई केली तर आतच मोडंल," तो म्हणाला.

वाऱ्यानं होडी आपली चालली होती, कुठं जायचंय ते तिलाच ठाऊक असल्यासारखी. धुकं जरा विरलं आणि जुन्या देवळाचा कळस पाण्याबाहेर दिसला. त्याच्या खाली बुडालेलं गाव. भिंतींना अडकलेली जाळी इंजिनाच्या पंख्यात गुंततात, म्हणून होडीवाले तो भाग टाळूनच जातात. कानिफनाथनं होडी वळवायला वल्हं उचललं.

"वळवू नगं रं," आजी म्हणाली. "जाऊ दे तिकडं."

कळसाच्या उगवतीला चिंच होती, तिनं सांगितलं. चिंचेखाली तिची पहिली मुलगी पुरलेली. बारसं बाराव्या दिवशी ठरलं होतं, पोर नवव्यालाच गेली. पुढच्या साली पाणी आलं. नाव आजीनं मनात ठरवलं होतं, पण ते नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. बारसंच झालं नाही त्या लेकराचं नाव कुणापुढं काढायचं? पन्नास वर्षं ते तिच्या पोटातच राहिलं. आता मिरजगावाहून काही इकडं येणं व्हायचं नाही. बोलताना ती रडली नाही, नुसतं पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

काकासाहेब मघापासून मोबाईलमध्ये वेळ बघत होते. त्यांनी तो खिशात टाकला.

कानिफनाथनं पुन्हा पाना लावला. या खेपेला स्टड हलला आणि आट्यांवरून सरळ फिरत बाहेर आला. नवा त्याच्या डब्यात होताच. बसवायला पाच मिनिटं पुरली असती. कळस अजून बराच लांब होता. त्यानं तळहातावरच्या गंजक्या तुकड्याकडं पाहिलं, आजीकडं पाहिलं, आणि मूठ मिटली. काकासाहेबांना ते बरोबर दिसलं.

"अजून मुराया पायजे," कानिफनाथ म्हणाला.

"मुरू दे की. बाजार काय पळून चाललाय व्हय," काकासाहेब म्हणाले.

होडी हळूहळू कळसाच्या उगवतीला आली. कानिफनाथनं ती वल्ह्यानं थोपवली. तिथं काहीच नव्हतं, नुसतं हिरवट पाणी. तरी आजी म्हणाली, हितंच.

बारशात बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगायचा मान आत्याचा. इथं आत्या कुठून आणायची? आजी स्वतःच होडीच्या काठावर ओणवी झाली. ओठ पाण्याला लागतील इतकी वाकली. तोल जाऊ नये म्हणून कानिफनाथनं मागून तिचं लुगडं घट्ट धरलं.

"कुर्रर्र," आजी म्हणाली.

थोरल्या बोकडानं ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकासाहेबांनी ते दोन्ही हातांनी दाबून धरलं.