अठरा मिनिटांचा मजला

पाच कार्यालयीन इमारतींची देखभाल व्यवस्थापकांकडे होती. कोणत्या इमारतीत एक मजला किती वेळात पुसून होतो, याची त्यांनी वर्षभर मोठ्या निष्ठेने तुलना केली, आणि तिसऱ्या इमारतीतल्या मावशींची अठरा मिनिटांची एक नोंद सर्वांत सरस ठरली. मग तोच पाचही इमारतींचा मापदंड झाला. ज्यांना तो गाठवेना, त्यांना एकेक करून नारळ मिळू लागला.

आज कामावरून काढायच्यांच्या यादीत खुद्द मावशींचेच नाव पाहून व्यवस्थापक चकित झाले.

"काय हो मावशी, स्वतःच्याच मापाला कमी पडता? आता अर्धा तास कसा लागतो?"

मावशींनी फडके पिळून बादलीच्या काठावर नीट पसरले.

"आता धावू कुणासाठी, साहेब? त्या दिवशी घरून फोन आला होता, ह्यांना धाप लागलीय म्हणून. मजला पुरा केल्याशिवाय जायचं नाही, असं तुम्हीच म्हणालात. मग पुसला जीव तोडून."

व्यवस्थापकांच्या हातातली यादी खाली आली.

"अठरा मिनिटांत पुसला, साहेब. तरी पोचायला उशीर झालाच."