डिवचलेल्या पेशी

घोडीच्या गुडघ्यातला जंतुसंसर्ग नुसत्या औषधांना दाद देत नव्हता, म्हणून डॉक्टर लेकीनं मूळपेशींची सुई भरली. तिचे बाबा, घोड्यांचेच निवृत्त डॉक्टर, तबेल्याच्या दारात स्टुलावर बसून घोडीसाठी आणलेलं सफरचंद स्वतःच खात होते.

“या पेशी आळशी असतात, बाबा. आधी प्रयोगशाळेत जंतूंची खोटीच हूल देऊन त्यांना डिवचायचं. चिडल्या की मग खऱ्या जंतूंवर तुटून पडतात.”

“भांडकुदळ औषध म्हण की! पण तुला नाही जमायचं, ठोंबे.”

शाळेतल्या पहिल्या गणितापासून ते हेच म्हणत आले होते. ती नेहमीसारखी दातओठ खात वाकली आणि सुई नेमकी सांध्यात गेली.

त्याच आठवड्यात बाबा झोपेतच गेले. घोडी मात्र बरी झाली आणि पुन्हा लाथा झाडायला लागली.

पुढचा रुग्ण एक शिंगरू होतं. तबेल्यातले सगळे कौतुकानं म्हणाले, “मॅडम, तुम्हाला काय, सहज जमेल!” आणि तिचा हात सांध्यापाशीच अडला. सुई काही केल्या पुढे सरकेना. शेवटी तिनं दारातल्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं आणि बाबांच्या आवाजात स्वतःलाच सुनावलं, “तुला नाही जमायचं, ठोंबे.”

ती दातओठ खात वाकली. सुई नेमकी सांध्यात गेली.

शिंगराची मान थोपटत ती सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाली, “बाबा, तुम्ही डिवचायचात म्हणून जमायचं हो मला.”