कुंपणावरचा लालगळ्या

"बाबा, तो बघा कुंपणावर. विषारी असतो ना हो?"

सुनेचं बोट सरड्याकडे होतं. सासरे खुर्चीत नुसते बसलेले. सासूबाई गेल्यापासून त्यांनी तोंडाला कुलूप लावलं होतं. जेवणही दोन घासांवर आलेलं. जन्मभर वर्गात प्राणी शिकवलेला माणूस असा मुका राहिला तर फार दिवस काढणार नाही, असं डॉक्टरांनी मुलाला स्पष्टच सांगितलं होतं. सुनेने कामावरून रजा घेतली होती ती त्यासाठीच.

सासऱ्यांच्या कपाळाला आठी पडली.

"विषारी? कुणी सांगितलं तुला?"

आत चहा पिणाऱ्या मुलाने कप खाली ठेवला आणि दाराशी येऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, की ही पालच ना, जरा मोठी? तेव्हा मात्र सासरे खुर्चीतून उठलेच. पालीला पापण्या मिटता येत नाहीत, याला येतात. पाल भिंतीला चिकटते, हा नख्यांनी चढतो. आणि पाठीवरचा काटेरी तुरा दिसत नाही का तुला?

मग रोज शाळा भरू लागली. गळा लाल झालाय तो रक्त पिऊन नव्हे, माद्यांपुढे ऐट मिरवायला. जोर काढतोय तो दुसऱ्या नराला दम भरायला. सकाळी काळपट दिसतो तो ऊन लवकर अंगात मुरावं म्हणून. लालगळ्या होताही देखणा. वीतभर जीव, पण रुबाब असा की सगळं कुंपण त्याच्याच नावावर असावं.

सून डोळे मोठे करून ऐकायची आणि पुन्हा काहीतरी अचाट विचारायची. एवढ्या मोठ्या बाईला साधा सरडा ठाऊक नसावा, असं शेजारच्या काकू बोलल्या, तर सासरे त्यांच्याशी कडाकडा भांडले. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

आज दोघं कुंपणापाशी उभे होते.

"याची शेपटी तुटली ना, की महिन्याभरात नवी येते," सासरे म्हणाले.

"असं होय?" सून म्हणाली.

ते तिच्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते हसतही होते.

"नाही येत. ती पालीला येते. इतकं चुकीचं सांगितलं तरी गप्प राहिलीस? उद्यापासून कामावर जा, पोरी. मी बरा आहे आता. तिकडे विद्यापीठात सरडे शिकवायला तुझ्याशिवाय आहे कोण?"