उत्तर येईपर्यंत

सांगितलेली कामं आपणहून करणाऱ्या एआय एजंटला एकेक टूल कधी वापरायचं आणि कधी थांबायचं, ते स्पष्ट लिहून देणं हीच संयोगिताची नोकरी. स्वतःच्या लग्नासाठी कराडला घरी आली, तेव्हा निमंत्रणंही तिने एजंटवरच सोपवली. मेसेज पाठवायच्या टूलखाली लिहिलं, 'यादीतल्या प्रत्येकाला नाव घेऊन विचार, येणार ना? उत्तर येईपर्यंत रोज विचार.'

यादी आईच्या, मनुबाईंच्या हातची. घरच्या रीतीने पहिली पत्रिका औंधच्या यमाईला, दुसरी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाची. म्हणून दुसरं नाव वीरधवलचं होतं, तीन वर्षांपूर्वी सीमेवरून तिरंग्यात परत आलेल्या संयोगिताच्या भावाचं. एजंटने नंबर तिच्या फोनमधून घेतले, आणि भावाचा नंबर तिने कधी पुसलाच नव्हता.

बाराव्या दिवशी एजंटने कळवलं, 'वीरधवल येणार आहेत. पंगतीत एक पान वाढवलं आहे.'

"आई!" म्हणत संयोगिता आतल्या खोलीत धावली. मनुबाई त्याच्या लष्करी ट्रंकेला टेकून बसल्या होत्या. मांडीवर त्याचा फोन होता, चार्जिंगला लावलेला.



"रोज त्येचं नाव घिऊन इचारतंय गं कुणीतरी," त्या म्हणाल्या, "न्हाई लिवायला हात धजंना माजा."